जुनं फर्निचर न्यायचं की नवं घ्यायचं? कार्बनचा हिशेब जुळत नाहीये

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. नवं घर एका खोलीने लहान आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून "ही न्यायची का?" असं विचारायची वेळ आली आहे. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, जुनं सगळं एकदाच काढू आणि बांबूचं किंवा पर्यावरणपूरक म्हणून मिळतं तसलं नवं घेऊ. तो हे अगदी मनापासून म्हणतोय. माझं मन मात्र तयार होत नाही. पण मन तयार होत नाही हे काही कारण झालं नाही. मी हिशेब तपासनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासायचे आणि स्वतःच्या घरात नुसतं "मला वाटतं" म्हणून वाद घालायचा, हे मलाच पटत नाही.

म्हणून काल वजनकाटा घेऊन बसले. सहा माणसांचं भरीव लाकडाचं टेबल आहे, 22 वर्षांचं. एका बाजूचे दोन पाय काट्यावर घेतले, मग दुसऱ्या बाजूचे, बेरीज केली: 41 किलो. त्याचा एक पाय हलतो, इतका की लिहिताना अक्षर वाकडं येतं. वर मध्यभागी इस्त्रीचा डागही आहे. दुसरं, तीन दारांचं पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट. नऊ वर्षं झाली, पत्रकावर वजन 118 किलो दिलंय. फरशी पुसताना पाणी लागून लागून खालची कड फुगली आहे आणि एका दाराची बिजागरी स्क्रूसकट बाहेर आली आहे. तिसरा, तीन माणसांचा सोफा, मधली बैठक पार बसलेली. चौथी माझी कामाची खुर्ची. वर केली की दहा मिनिटांत आपोआप खाली येते.

यांतलं प्रत्येक बनवताना किती कार्बन गेला असेल? आणि नव्या फर्निचरच्या चिठ्ठीवर "कार्बन निगेटिव्ह" (म्हणजे सोडलेल्यापेक्षा जास्त कार्बन शोषलेलं) लिहिलेलं पाहिलं, ते खरं धरायचं का? घर लावताना रोज नजरेसमोर येणाऱ्या वस्तू आहेत या. चुकीचा निर्णय घेतला तर तो रोज दिसत राहील, म्हणून विचारतेय.

किलोभर

ताई, वजनं केलीत हे फार चांगलं केलंत. मी गेली सोळा वर्षं कारखान्यांच्या मालाचे कार्बन हिशेब करतो. फर्निचरच्या बाबतीत पहिले दोन प्रश्न हेच असतात: किती किलो, आणि कशाचे.

लोखंडाच्या खनिजापासून नवं पोलाद बनवायचं तर किलोमागे साधारण 2 किलो कार्बन डायऑक्साइड जातो. खनिजापासून काढलेल्या अॅल्युमिनियमला जगाची सरासरी धरली तर 15 किलोच्या आसपास, कारण त्याला वीज प्रचंड लागते. ती वीज कोळशाची असेल तर आकडा चढतो, धरणाची असेल तर उतरतो. तेच अॅल्युमिनियम भंगारातून वितळवून केलं, तर सुमारे विसावा हिस्साच ऊर्जा लागते. बैठकीचा पॉलियुरेथेन फोम किलोमागे 3 ते 5 किलो. भरीव लाकूड या सगळ्यांच्या खूप खाली. आता तुमच्या खुर्चीकडे बघा. तिचा खालचा, पाच फांद्यांचा पाया अॅल्युमिनियमचा असेल आणि 3 किलो भरत असेल, तर तो एकटाच 45 किलो कार्बन डायऑक्साइडवर जाऊ शकतो. आणि बिघडलंय काय, तर मधला गॅसचा दांडा. तो बहुतेक खुर्च्यांना प्रमाण मापाचा असतो, वेगळा मिळतो, बदलता येतो. खुर्ची टाकू नका, हे पहिलं.

सोफ्याबद्दल एक आकडा हाताशी ठेवा. ब्रिटनमधल्या फर्निचर इंडस्ट्री रिसर्च असोसिएशनने 2011 मध्ये बऱ्याच प्रकारच्या फर्निचरचा हिशेब काढला, त्यात एका सोफ्याची सरासरी 90 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आली. सोफा सहा वर्षांत काढला तर वर्षाला 15 किलो, अठरा वर्षं वापरला तर 5. माझ्या सगळ्या कामाचं सार मी तुम्हाला या एका भागाकारात सांगतोय. वापरात असलेलं फर्निचर वीज खात नाही, पेट्रोल पीत नाही. त्याचा जवळजवळ सगळा कार्बन ते घरात यायच्या आधीच गेलेला असतो. त्यामुळे फ्रिज जुना झाला की नवा कमी वीज खातो, असा जो युक्तिवाद चालतो, तो टेबलाला लागूच होत नाही.

आता "कार्बन निगेटिव्ह". तुमच्या टेबलावर करून दाखवतो. 41 किलोत दहा-बारा टक्के ओलावा धरा, म्हणजे कोरडं लाकूड 36 किलो. त्यातला निम्मा कार्बन, 18 किलो. 44 भागिले 12 ने गुणलं (कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44, त्यातल्या कार्बनचा 12) की 66 किलो कार्बन डायऑक्साइड. झाडाने हवेतून घेतलेले हे 66 किलो 22 वर्षं तुमच्या घरात उभे आहेत. हे खरं आहे, आणि मला दर वेळी तितकंच सुंदर वाटतं. पण ही ठेव आहे, कमाई नव्हे. टेबल जाळलं की ते 66 किलो हवेत परत. कचऱ्याच्या ढिगाखाली पुरलं तर काही भाग तसाच राहतो, काही हवेविना कुजतो आणि त्याचा मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट वगैरे तापवतो. चिठ्ठीवरचा उणे आकडा बहुतेक वेळा जमेची बाजू आज दाखवतो आणि खर्चाची बाजू पुढच्या पानावर ढकलतो. तुम्ही हिशेब तपासनीस आहात, असल्या पानाला तुम्ही सही कराल का? उत्पादनाच्या कार्बन हिशेबाच्या आयएसओ 14067 या मानकातसुद्धा झाडातून आलेला कार्बन वेगळा दाखवावा लागतो, तो याचसाठी.

आणि हे सगळं तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड उभं राहिलं असेल तरच. जंगल साफ करून आणलेल्या लाकडाला ही जमा धरताच येत नाही. एफएससीची खूण (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, ही संस्था 1993 पासून आहे) जंगल कसं सांभाळलंय याबद्दल काही सांगते. कार्बनचा आकडा ती सांगत नाही, लोक दोन्हींची गल्लत करतात.

उंबरठा

किलोभर यांच्याशी सहमत, पण एक बाजू राहतेय. घर लहान होतंय. जे बसतच नाही ते ओढूनताणून नेलं, तर दोन वर्षांत ते गच्चीवर पावसात जातं, आणि मग खरोखरच वाया जातं. मी स्वतः असं एक पलंगाचं डोकं कुजवलंय, अजून वाईट वाटतं. जे नको ते चांगल्या अवस्थेत असतानाच द्या. आणि अशा माणसाला द्या, जो नाहीतर नवं विकत घेणार होता. तेव्हाच एक नवी वस्तू बनायची टळते. नुसतं "कुणीतरी नेलं" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची आकडेवारी आहे: 2018 या एका वर्षात तिथे 1 कोटी 20 लाख टनांहून जास्त फर्निचर आणि घरसामान कचऱ्यात गेलं, आणि त्यातलं 80 टक्के पुरलं गेलं. हे सगळं कधी ना कधी कुणाच्या तरी घरातून "कुणीतरी नेलेलं"च असणार.

खिडकीपाशी

दोघांचे मनापासून आभार. किलोभर, तुमचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, ठेव आणि कमाईचं पटलं. पण त्याचा पुढचा प्रश्न असा: आपण नवं घेतलं आणि ते जवळच्याच कारखान्यातलं घेतलं, तर वाहतुकीचा कार्बन वाचेल ना? म्हणून तो सुटीच्या दिवशी गाडी काढून आसपासची चार दुकानं पालथी घालायला निघालाय.

किलोभर

त्यांना जरा थांबवा. 40 किलोचं टेबल ट्रकने 1000 किलोमीटर आणलं, तर टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) 100 ग्रॅम धरून 4 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. जहाजाने 10,000 किलोमीटर आणलं तरी तेवढ्याच्या आसपास, कारण समुद्रावर टन-किलोमीटरला दहा-पंधरा ग्रॅमच लागतात. उलट एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो. चार दुकानांच्या फेऱ्यांत दोन लिटर गेलं, की ट्रकचा हजार किलोमीटरचा प्रवास वसूल. विमानाने आलेली वस्तू मात्र वेगळी गोष्ट, ती घेऊच नका. जवळचं घेण्यात इतर फायदे आहेत, मुख्य म्हणजे बनवणारा माणूस दुरुस्तीला सापडतो. पण कार्बन मुख्यतः वस्तू कशाची आहे आणि किती वर्षं टिकते यातच आहे.

रंधाखाली

उशिरा आले, पण टेबलाचा पाय वाचून राहवेना. वडील सुतार होते, मी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी दुरुस्तीची कामं करते. माझा अनुभव एकाच वाक्यात: लाकडी फर्निचर मरत नाही, त्याचा एखादा सांधा मरतो, आणि लोक अख्खं टेबल टाकतात.

ताई, टेबल जाड चादरीवर उलटं करा. फळीखालून जी पट्टी जाते ती पायाला जिथे मिळते तिथे बघा. तिथे एखादा लोखंडी कोना किंवा स्क्रू असेल तर तो आधी सोडवा. मग पाय दोन्ही हातांनी धरून सावकाश पुढे-मागे करा, ओढू नका. सांधा कुठून श्वास घेतोय ते कळेल. बहुधा पट्टीच्या टोकाला जीभ काढलेली असते आणि पायाला खाच. जीभ बाहेर आली की तिच्यावर पिवळट, काचेसारखा थर दिसेल. तो जुना गोंद. इथेच सगळे चुकतात, त्या थरावरच नवा पांढरा गोंद ओततात. हा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो. जुन्या थरात त्याला शिरायला जागाच नसते, म्हणून महिन्याभरात पाय परत हलतो आणि लोक म्हणतात, "दुरुस्ती टिकत नाही." तो थर धारदार पटाशीने खरवडा, पार कोरं लाकूड दिसेपर्यंत. जिभेचा आवाज बदलतो खरवडताना: आधी नखाने प्लास्टिक खरवडल्यासारखा चरचर, मग मऊ होतो. तो मऊ झाला की थांबा, नाहीतर जीभ बारीक होईल. ती आधीच सैल असेल तर एका बाजूला व्हिनिअरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी चिकटवून जाडी भरून काढा. मग नवा गोंद, दोन्हीकडे पातळ. शिकंजा नसेल तर दोरीचे दोन वेढे घाला, मधे काठी अडकवा आणि पिळा. कोपरा काटकोनात आहे का बघा. एक दिवस हात लावू नका.

खूप जुन्या खुर्च्यांत तर हे काम अजून सोपं असतं, कारण त्यांत सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद) वापरलेला असतो. गरम पाण्याचं फडकं धरलं की तो मऊ होतो, सांधा न मोडता सुटतो, आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. जोडलेलं परत सोडवता यावं, ही समज त्या लोकांना होती. मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याने 1859 मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची 14 क्रमांकाची खुर्ची काढली, तिचे सुटे भाग फक्त सहा, जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. लोक ही गोष्ट वाहतुकीच्या कौतुकाने सांगतात. मला ती यासाठी आवडते की एक भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो. नवं काही घ्यायची वेळ आलीच तर ताई, तुम्ही फक्त ते उलटं करून बघा. स्क्रू दिसले तर घ्या. सगळं चिकटवलेलं आणि पिना मारलेलं असेल तर राहू द्या, मग ते बांबूचं असो नाहीतर कशाचं. बांबू तीन ते पाच वर्षांत तोडणीला येतो हे खरं. पण टेबलाची फळी करायला त्याच्या पट्ट्या गोंदानेच एकमेकींना चिकटवतात, आणि सांधा वाईट असेल तर तेही तितक्याच लवकर हलायला लागतं.

इस्त्रीचा डाग वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने जाईल. खोल असेल तर राहू द्या.

खिडकीपाशी

आणि कपाट? ते तर भुश्याचंच आहे. त्यात खरंच जीव घालण्यासारखं काही आहे का? 118 किलो आहे, म्हणून विचारतेय. किलोभर यांच्या पद्धतीने काढलं तर त्यातही दीडशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड अडकून आहे.

सावली

कपाटाबद्दल मी काळजीने लिहितेय. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) यांतल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. आम्ही मुलाच्या खोलीत नवं कपाट आणलं तेव्हा त्याचे डोळे आठवडाभर चुरचुरत होते, शेवटी त्याला आमच्या खोलीत झोपवलं. कार्बन वाचवायचा म्हणून असली वस्तू घरात ठेवायची का, हाही विचार करा.

रंधाखाली

सावली, तुमचा त्रास खरा आहे, आणि लहान मूल असताना नवं बोर्ड बंद खोलीत नकोच. पण तुमच्याच सांगण्यातून एक निघतं: ते कपाट नवं होतं. हा वायू सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त सुटतो, मग उतरत जातो. नऊ वर्षांचं कपाट काढून नवं आणलं, तर तो वास पुन्हा पहिल्यापासून सुरू. जुन्या कपाटात फक्त उघड्या पडलेल्या कडा झाकून घ्या.

ताई, फुगलेली कड परत बसत नाही, ती आशा सोडा. कण फुगले की त्यांना धरणारा गोंद तुटलेला असतो. पण फुगलंय खालचं पाच-सहा सेंटिमीटरच ना? कपाट आडवं करून दोन्ही बाजूंच्या फळ्या आणि मधला पडदा (मधली उभी फळी) खालून सरळ रेषेत कापा. तळाची फळी त्या पट्ट्यात येत असेल तर ती वर सरकवून बसवावी लागेल. कापलेल्या कडेला गोंदाचा हात द्या, वर कडेची पट्टी लावा, आणि तळाला धातूचे पाय बसवा म्हणजे फडक्याचं पाणी पुन्हा पोचणार नाही. बिजागरीसाठी झिजलेलं भोक 8 मिलिमीटरपर्यंत मोठं करा, 8 मिलिमीटरची लाकडी गुल्ली गोंद लावून ठोका, बरोबरीत कापा, सुकल्यावर तिच्यात बारीक भोक पाडून स्क्रू घाला. भुश्यापेक्षा ती गुल्ली स्क्रूला घट्ट धरते.

आणि एक महत्त्वाचं. नव्या घरी नेताना हे कपाट सगळं सुटं करू नका. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू दर वेळी काढला-घातला की थोडी पकड जाते. दारं आणि फळ्या काढा, सांगाडा शक्य असेल तर तसाच उचलून न्या. याच एका चुकीमुळे चांगली कपाटं पहिल्या घरबदलीत संपतात.

खिडकीपाशी

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल नव्या घरात आलो.

टेबलाचा सांधा मी आणि नवरा दोघांनी मिळून उघडला. जीभ बाहेर आली तेव्हा तिच्या बाजूला पेन्सिलने काढलेला 3 दिसला, आणि पायाच्या खाचेशेजारीही 3. कुणीतरी 22 वर्षांपूर्वी जोड्या चुकू नयेत म्हणून लिहून ठेवलं होतं. मी ते खरवडलं नाही. रंधाखाली, तुम्ही सांगितलेला आवाजाचा बदल खरंच ऐकू आला. दोरी पिळून एक दिवस ठेवलं. आज त्याच टेबलावर लिहितेय, अक्षर सरळ येतंय.

कपाटाचं तसं छान झालं नाही. मधला पडदा कापताना कड उखडली आणि एक दार इतकं फुगलेलं निघालं की ते काढूनच टाकावं लागलं. आता ते दोन दारांचं कपाट आणि एका बाजूला उघडे कप्पे असं आहे. नव्या खोलीत तेवढंच बसतंही. काढलेलं दार जाळायचं नाही हे मला इथेच कुठेतरी वाचून माहीत होतं, लॅमिनेट आणि गोंदाचा धूर होतो. त्याचा चांगला राहिलेला भाग कापून उघड्या कप्प्यांना पाठ केली.

खुर्चीचा गॅसचा दांडा बदलला. जुना निघता निघत नव्हता, एवढंच.

राहिला सोफा. लाकडी चौकट ठोकून पाहिली, भक्कम आहे. तिन्ही बैठकांचा फोम मिळून 5.5 किलो भरला. किलोमागे 4 धरले तर 22 किलो, नव्या सोफ्याच्या 90 समोर. हा आकडा नवऱ्यानेच काढला, मी नाही. पण फोम घ्यायला गेलो तर विचारलं, "कडक हवा की मऊ?" आम्ही कडक म्हटलं. बरोबर केलं का? अजून कापून घेतलेला नाही.

रंधाखाली

थांबा, कापून घेऊ नका. कडक-मऊ हा बसायच्या सुखाचा प्रश्न आहे. टिकण्यासाठी घनता विचारा. हलका फोमसुद्धा कडक बनवता येतो, दुकानात हाताला छान लागतो आणि दोन-तीन वर्षांत मधली बैठक परत बसते. बैठकीला घनमीटरमागे 40 किलोच्या आसपासचा घ्या, पाठीला हलका चालतो. वजन थोडं वाढेल, तुमच्या 22 चे कदाचित 28-30 होतील, पण ते पुढे कितीतरी वर्षं वाटले जातील. खोळ शिवताना चेन मागच्या बाजूला घ्या म्हणजे पुढच्या वेळी फक्त फोमच बदलावा लागेल. आणि जुना फोम टाकू नका. कडेचा, न बसलेला भाग कापून पाठीच्या उशांत भरता येतो. मधला मात्र गेला.

खिडकीपाशी

बरं झालं विचारलं. उद्या घनता विचारून परत जाते. चालत.